डिक्कीवरचे मोनोग्राम उतरवण्याचे काम : उद्यमनगरातील एका डिटेलिंग दुकानाविषयी

डिक्कीवरील मॉडेलचे नाव, इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरे आणि विक्रेत्याने स्वतःच्या जाहिरातीसाठी चिकटवलेली पट्टी काढून गाडीची मागची बाजू साधी, मोकळी ठेवावी असे वाटणारे बरेच लोक कोल्हापुरात आहेत. प्रश्न असतो तो रंगाला धक्का न लावता हे काम कोण करून देईल, याचा. शिवाजी उद्यमनगरातील एका लहान डिटेलिंग, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणाऱ्या, दुकानाकडे मी माझी दहा वर्षे वापरात असलेली लाल हॅचबॅक या कामासाठी दिली. काम उत्तम झाले. परंतु मला अधिक मोलाची वाटली ती कामाला हात घालण्यापूर्वी दुकानदाराने केलेली चौकशी.

डिक्कीचा पत्रा पूर्वी कधी रंगवला आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न होता. कारखान्यात गाडीच्या सांगाड्यावर बसवलेला रंग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, त्यामुळे मोनोग्रामखालची टेप सैल करण्यापुरती उष्णता तो सहज सोसतो. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात नंतर मारलेला रंग मात्र फार तर ६० अंशांच्या आसपास वाळवलेला असतो, आणि रस्त्याकडेच्या कामात तोही नुसत्या हवेवर. अशा रंगाची पत्र्यावरील पकड कच्ची राहिली असेल, तर टेपेबरोबर रंगाचा पापुद्राच निघून येण्याची भीती असते. गाडी मी वापरलेली घेतली असल्यामुळे मला खात्रीने उत्तर देता आले नाही. तेव्हा त्याने रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र डिक्कीवर निरनिराळ्या जागी टेकवून पाहिले. कारखान्याच्या रंगाची एकूण जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते; आकडा त्याच्या दुपटीवर गेला, की तेथे दुसरा हात बसला आहे असे समजावे. माझ्या डिक्कीवर सगळीकडे सारखेच आकडे आले, आणि मगच त्याने काम स्वीकारले.

दुसरी चौकशी मधल्या गोल चिन्हाची होती. नावाची अक्षरे बहुतेक गाड्यांवर केवळ टेपेने चिकटवलेली असतात, परंतु मोठ्या चिन्हाला कधीकधी मागून पिना असतात आणि त्यांच्यासाठी पत्र्याला भोके पाडलेली असतात. असे चिन्ह उपटले, तर मागे उघडी भोके राहतात, आपल्याकडच्या पावसात तेथून पाणी आत शिरते आणि पत्रा गंजू लागतो. डिक्कीचे आतले आवरण उघडून त्याने खात्री करून घेतली, माझ्या गाडीला पिना असल्याचे दाखवले आणि ते चिन्ह तसेच ठेवण्याचा सल्ला दिला. त्या कामाचे पैसे त्याला सहज मिळाले असते, हे येथे नोंदवावेसे वाटते.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात धुण्यापासून झाली. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून फिरणाऱ्या आमच्या भागातील गाड्यांच्या अक्षरांभोवती धूळ, काजळी आणि जुने पॉलिश यांची घट्ट किनार बसते, आणि ती आधी काढली नाही तर पुढे अक्षरांखालून दोरा ओढताना तेच कण रंगावर चरे पाडतात. त्यानंतर त्याने हीट गन बाजूला ठेवून साधा हेअर ड्रायर घेतला. हीट गनची हवा कित्येक शंभर अंशांपर्यंत तापू शकते आणि एकाच जागी क्षणभर अधिक थांबली तरी रंगाला फोड येऊ शकतात. ड्रायरने हा धोका बराच कमी होतो, वेळ तेवढा जास्त लागतो. अक्षरे हाताला चांगली गरम लागू लागल्यावर मासेमारीची जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, दोन्ही हातांत ताणून, करवतीसारखी मागेपुढे सरकवत त्याने ती टेपेच्या फोममधून नेली. स्क्रू ड्रायव्हर किंवा पत्री पाते दुकानात कोठे असेलही, या कामापाशी मात्र ते दिसले नाही. फोमची टेप एकदम हिसडली तर चिवटपणे धरून ठेवते आणि सावकाश, सलग ताण दिला तर सुटत जाते, हा तिचा गुणधर्मच आहे. त्याच्या शब्दांत, “सायेब, गडबड केली की रंग जातोय. टेप दमानं सुटू द्यायची.”

उरलेला फोम त्याने पुन्हा गरम करून अंगठ्याने गोळा केला आणि राहिलेला गम काढण्यासाठी गम काढायचे खास द्रावण कापडावर घेऊन लावले, थेट पत्र्यावर ओतले नाही. अनेक ठिकाणी याच टप्प्यावर थिनर वापरला जातो. भट्टीतला रंग तो थोडा वेळ सोसतो, पण नंतर मारलेला साधा रंग त्याने चक्क विरघळतो आणि पृष्ठभाग कायमचा मलूल होतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसून घेतल्यावर डिक्की पूर्णपणे स्वच्छ झाली.

स्वच्छ झाली, तरी अक्षरे वाचता येत होती. दहा वर्षांच्या उन्हाने भोवतालचा लाल रंग फिका पडला होता आणि अक्षरांखालचा रंग मूळचा राहिला होता. ही सावली पूर्णपणे जाईल असे आश्वासन दुकानदाराने आधीही दिले नव्हते. कंपाउंड (रंग घासून उजळवणारी पेस्ट) आणि मशीन पॉलिशने भोवतालचा निस्तेज थर अगदी थोडा उतरवून त्याने ती बरीच पुसट केली. आता ती तिरप्या उजेडात, ठाऊक असलेल्या माणसालाच दिसते. आणखी घासण्यास त्याने नकार दिला, कारण वरच्या पारदर्शक थराची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉनच असते आणि तो संपला की रंगाला उन्हापासून संरक्षण उरत नाही. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ही अडचण एवढी जाणवत नाही. लाल आणि गडद रंगाच्या जुन्या गाडीच्या मालकांनी मात्र मनाची तयारी ठेवूनच जावे.

उणिवाही आहेत. पॉलिशचा खर्च वेगळा आहे, हे मला काम अर्ध्यावर आल्यानंतर कळले. एवढा काटेकोर माणूस दरपत्रक भिंतीवर का लावत नाही, हे कोडे आहे. पॉलिश फक्त अक्षरांच्या पट्ट्यात केल्यामुळे तेवढाच भाग उर्वरित डिक्कीपेक्षा अधिक चमकतो. संपूर्ण डिक्की एकसारखी करून घेण्याचा पर्याय आधी सांगितला असता, तर मी तोच घेतला असता. सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर टिकाऊ संरक्षक लेप देण्याचा, आग्रह दोनदा झाला, तो मी नाकारला. साध्या वॅक्सने माझे भागते. बसायला धड खुर्ची नाही आणि बिल मागितल्याशिवाय मिळत नाही.

अक्षरे आणि विक्रेत्याची पट्टी काढण्याचे ६०० आणि पॉलिशचे ५००, असे एकूण १,१०० रुपये झाले. गाडी दोन-तीन वर्षांची असेल, रंग मूळचा असेल आणि हाताशी ड्रायर, तंगूस व संयम असेल, तर हे काम घरी सावलीत करता येण्यासारखे आहे आणि त्यासाठी एवढा खर्च करण्याची गरज नाही. जुन्या, गडद रंगाच्या किंवा पूर्वी रंगवलेल्या गाडीसाठी मात्र मी याच दुकानाची शिफारस करीन. सकाळी लवकर जावे, पॉलिशसह पूर्ण डिक्कीचा भाव आधीच ठरवून घ्यावा. सोमवारी दुकान बंद असते.