साठीनंतरची शर्यत : डांबरी रस्ता की डोंगरवाट?

साठी ओलांडलेल्या, काही वर्षे नियमित धावलेल्या आणि येत्या हंगामात नेमकी कोणत्या शर्यतीची नोंदणी करावी या विचारात असलेल्या धावपटूंसाठी हे लिहितो आहे. मी आज ६६ वर्षांचा आहे. पहिली हाफ मॅरेथॉन ५१ व्या वर्षी धावलो, ट्रेलकडे, म्हणजे डोंगरवाटांवरच्या शर्यतींकडे, ५९ व्या वर्षी वळलो, पुढचे चार हंगाम दोन्ही प्रकार सारख्याच निष्ठेने केले आणि गेली तीन वर्षे एकाच प्रकारची नोंदणी करतो आहे. बूट कोणते घ्यावेत, आठवड्याला किती किलोमीटर धावावे, हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालतो.

ट्रेलच्या बाजूने पहिला मुद्दा नेहमी गुडघ्यांचा मांडला जातो आणि तो खरा आहे. हाफ मॅरेथॉनमध्ये आपण वीस हजारांच्या आसपास पावले टाकतो, आणि रस्त्यावर ती सगळी जवळजवळ एकाच मापाची, एकाच कोनातली असतात. त्यात आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. गर्दी टाळण्यासाठी मी वर्षानुवर्षे डाव्या कडेने धावत आलो आणि त्याची किंमत एका गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने चुकवली. डोंगरवाटेवर प्रत्येक पाऊल वेगळे पडते, चढावर चालणे हाच शहाणपणा असतो, आणि चार ट्रेल हंगामांत तो गुडघा एकदाही बोलला नाही. शिवाय चढावर वयाचा तोटा कमी जाणवतो. पहिल्या चार-पाच किलोमीटरमध्ये झपाट्याने पुढे गेलेली तिशीतली मुले डोंगराच्या शेवटच्या सोंडेवर दगडावर बसलेली दिसतात आणि आपण एका लयीत, हातातल्या काठ्यांवर भार टाकत त्यांच्या बाजूने वर जातो, हा अनुभव रस्त्याने मला कधी दिला नाही. एसआरटी अल्ट्रासारख्या शर्यतीत सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणाऱ्या वाटांवर ११ किलोमीटरपासून १०० किलोमीटरपर्यंतची अंतरे असतात. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे नजर टाकली की आपण नोंदणी का केली होती, हे पुन्हा कोणी सांगावे लागत नाही.

मात्र चढ हा ट्रेलचा निम्माच भाग असतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यामुळे ते आतून अधिक फाटतात आणि साठीनंतर ही झीज भरून यायला वेळ लागतो. हाफ मॅरेथॉननंतर चौथ्या दिवशी मी हलके धावू शकतो. २५ किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीनंतर मात्र आठवडाभर जिना उतरताना कठडा धरावा लागत असे आणि पहिले सुखाचे धावणे बाराव्या-तेराव्या दिवशी होई. सगळ्यांचे असेच होईल असे मी म्हणणार नाही, पण हंगामात तीन-चार शर्यती करण्याचा विचार असेल तर हे दिवस आधीच मोजून ठेवावेत.

रस्त्याचा मोठा गुण म्हणजे त्याची मोजदाद. २१.०९७ किलोमीटर पुण्यात जेवढे, तेवढेच मुंबईत, आणि ५१ व्या वर्षी जेवढे होते तेवढेच ६६ व्या वर्षीही. जागतिक मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये पस्तिशीपासून पुढे दर पाच वर्षांचा स्वतंत्र गट असतो, आणि त्या त्या वयाच्या सर्वोत्तम वेळेशी आपली वेळ ताडून टक्केवारी काढण्याचे तक्तेही उपलब्ध आहेत. ५८ व्या वर्षी मी हाफ १ तास ५८ मिनिटांत पूर्ण केली होती. यंदा २ तास ७ मिनिटे लागली. नऊ मिनिटे गमावल्याचे वाईट वाटले होते, पण वयाच्या तक्त्यात ठेवल्यावर दोन्ही कामगिऱ्या जवळजवळ सारख्याच निघाल्या. ट्रेलवर ही सोय नाही. या वर्षीचे २५ किलोमीटर आणि मागच्या वर्षीचे २५ किलोमीटर यांच्यामध्ये पाऊस, वाट बदलणे आणि वाळलेले गवत येते, आणि आपण खरोखर मंदावलो की वाटच अवघड होती, हे कळायला मार्ग उरत नाही. उतारवयात स्पर्धा करणाऱ्याची खरी शर्यत स्वतःच्या कालच्या रूपाशी असते, म्हणून मला हा मुद्दा बराच वजनदार वाटतो.

कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांचे उदाहरण इथे आठवते. २००३ मध्ये, ७२ व्या वर्षी त्यांनी मॅरेथॉन २ तास ५९ मिनिटे १० सेकंदांत पूर्ण केली आणि सत्तरीनंतर तीन तासांच्या आत येणारे ते पहिले ठरले. पुढच्याच वर्षी ही वेळ त्यांनी २:५४:४८ वर आणली आणि २०१६ मध्ये, ८५ व्या वर्षी ३:५६:३४ अशी वेळ नोंदवली. त्यांचा सराव म्हणजे मिल्टन गावातल्या घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास घातलेल्या फेऱ्या. सपाट, ओळखीची जमीन, थांबायला घर जवळ, आणि डोक्यात फक्त लय. रस्त्याच्या शर्यतीसाठी तयारी करणाऱ्या ज्येष्ठाला याहून साधा धडा मिळणे कठीण आहे.

रस्त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. आपल्याकडच्या अनेक शर्यतींत शेवटचा वयोगट ‘साठ आणि पुढे’ एवढ्यावरच संपतो, त्यामुळे ७२ वर्षांच्या धावपटूला ६० वर्षांच्या धावपटूशी झुंजावे लागते. पाच-पाच वर्षांचे गट असलेली शर्यत मिळाली तर ती आधी निवडावी. मुंबई मॅरेथॉनमध्ये जानेवारीच्या पहाटेही हवा दमट असते आणि पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय थकल्यानंतर येतो. शिवाय पहिल्या दोन किलोमीटरमध्ये मागून येणाऱ्यांचे धक्के बसतात, आणि ज्येष्ठाला धक्क्यातून सावरायला तरुणापेक्षा एक पाऊल जास्त लागते. मी कडेच्या बॅरिकेडजवळ, माझ्या वेगाच्या गटात थोडा मागे उभा राहतो. त्यात अर्धा मिनिट जातो, पण पुढची घडी विस्कटत नाही.

एवढे वाचल्यावर पारडे जवळपास समान वाटेल, आणि मलाही ते चार वर्षे समानच वाटत होते. ज्या गोष्टीने ते झुकवले तिच्याविषयी धावणाऱ्यांच्या गप्पांत मी फारसे ऐकलेले नाही. ती गोष्ट म्हणजे चष्मा.

आपल्या वयात बहुतेकांच्या नाकावर प्रोग्रेसिव्ह चष्मा असतो. वरच्या भागातून लांबचे दिसते, खालच्या भागातून हातातल्या वर्तमानपत्राएवढ्या अंतरावरचे. सपाट रस्त्यावर आपली नजर पंधरा-वीस पावले पुढे असते, त्यामुळे काही अडत नाही. डोंगर उतरताना मात्र नजर दीड-दोन मीटरवरच्या जमिनीवर लागते आणि ती नेमकी काचेच्या खालच्या भागातून जाते, जिथून ती जमीन धूसर दिसते. हनुवटी छातीला लावून वरच्या भागातून बघता येते, पण मग मान अवघडते, धड पुढे कलते आणि तोल बिघडतो. सिंहगडाच्या कल्याण दरवाजाखालच्या सोंडेवर एका शर्यतीत हे मला पहिल्यांदा लख्ख कळले. डिसेंबरची सकाळ होती, ऊन तिरपे होते, घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, वाळलेले गवत आडवे पडलेले होते. एका तळहाताएवढ्या दगडाची सावली मला पायरी वाटली आणि मी त्या नसलेल्या पायरीवर पाय टाकला. दोन्ही तळवे सोलवटले, मनगट दुखावले, मोडले काही नाही. पण उरलेले नऊ किलोमीटर मी जवळजवळ सगळे चालत काढले, कारण आता प्रत्येक सावलीबद्दल शंका येत होती.

त्यानंतर फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा करून घेतला. जमीन स्पष्ट दिसू लागली, हे मान्य केले पाहिजे, आणि ज्यांना ट्रेलच करायचा आहे त्यांनी हे पहिले काम करावे. पण नवे प्रश्न उभे राहिले. घड्याळातले आकडे आणि फोनमधला नकाशा वाचायला दुसरा चष्मा पाठपिशवीतून काढावा लागे. चढावर घाम आणि धुके यांनी काचा झाकोळत, आणि पहाटेच्या अंधारात कपाळावरच्या हेडलॅम्पचा उजेड त्या धुक्यावर पडून डोळ्यांसमोर पांढरा पडदा तयार होई. दिवा कमरेला बांधून पाहिला. त्याने बराच फरक पडला, तरी पडदा पूर्ण गेला नाही. वयाबरोबर अंधारात डोळ्यांच्या बाहुल्या पूर्वीएवढ्या मोठ्या होत नाहीत, म्हणजे त्याच अंधारात आपल्या डोळ्यांत प्रकाशच कमी शिरतो, त्यामुळे शेजारून पळणाऱ्या तरुणाला पुरणारा दिवा आपल्याला पुरत नाही. कॉन्टॅक्ट लेन्सही एक हंगाम वापरल्या, पण वाटेवरच्या धुळीने डोळे कोरडे पडून चुरचुरत. यातली एकही अडचण अशी नाही की तिच्यावर उपायच नसावा. पण एका शर्यतीनंतर घरी आल्यावर पत्नीने विचारले, “वर काय काय दिसलं?” आणि माझ्या लक्षात आले की सहा तासांत मी बुटांच्या टोकापुढची जमीन सोडून काहीही पाहिलेले नव्हते. ज्या निसर्गासाठी ट्रेल करायचा, तो मला शर्यतीत दिसतच नव्हता.

याला जोडूनच कट-ऑफचा, म्हणजे प्रत्येक टप्पा गाठण्यासाठी ठरवून दिलेल्या वेळेचा, विचार येतो. उतारावर सावध चालायचे ठरवले की चढावर कमावलेली वेळ निघून जाते, पुढच्या टप्प्याची मर्यादा डोक्यावर येते, आणि घाईत नेमके जे टाळायचे तेच पाऊल पडते. रस्त्यावर पाय मुरगळला तर रुग्णवाहिका काही मिनिटांत पोहोचते. दोन गडांमधल्या खिंडीत तेच झाले तर स्ट्रेचर खांद्यावरून खाली यायला तास लागतात, आणि फोनला रेंज असेलच याची खात्री नसते. डोंगरात मदतीला उभे राहणारे स्वयंसेवक मनापासून काम करतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण अंतर ते अंतरच.

तरीही ट्रेल साठीनंतर करूच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. अमेरिकेचे जीन डायक्स यांनी २०१८ मध्ये, ७० व्या वर्षी रस्त्यावरची मॅरेथॉन २:५४:२३ अशा वेळेत पूर्ण केली आणि हेच गृहस्थ २०० मैलांच्या डोंगरी शर्यतीही धावलेले आहेत, म्हणजे दोन्ही एका अंगात मावतात. ज्यांना चष्माच नाही, किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लांबचे स्वच्छ दिसेल अशी लेन्स बसवली आहे, त्यांना माझी अडचण कदाचित जाणवणारही नाही. ज्यांचा गुडघा डांबरावर सतत कुरकुरतो, ज्यांचे तरुणपण गिर्यारोहणात गेले आणि घसारा ज्यांच्या पायांना ओळखतो, त्यांच्यासाठी निकाल उलटाही लागू शकेल. अशांनी ११ किलोमीटरच्या, संपूर्ण उजेडात होणाऱ्या शर्यतीपासून सुरुवात करावी, एवढेच सुचवेन.

माझ्यासारख्यांसाठी एक मधला मार्ग आहे आणि मी तो धरला आहे. २०१२ पासून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटाने वर जाते आणि त्याच घाटाने परत येते. डोंगर आहे, ढग आहेत, पावसाळ्याच्या अखेरीची हिरवळ आहे, चढाचा कस आहे, आणि पायाखाली डांबर आहे. उतारावर मांड्या तिथेही दुखतात, पण मान वर ठेवता येते. पहिल्या वर्षी घाट उतरताना डावीकडची दरी ढगांतून उघडत गेली आणि मी ती धावता धावता पाहिली. त्या संध्याकाळी पुढच्या वर्षीची नोंदणी कधी सुरू होते याची चौकशी केली.

अजून ठरत नसेल तर पैसे भरण्यापूर्वी एक गोष्ट करून पाहावी. एखाद्या रविवारी सोबत घेऊन, सूर्योदयापूर्वी, रोजचाच चष्मा लावून आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढावा आणि उजाडण्याच्या बेतात त्याच वाटेने निम्म्यापर्यंत उतरावे. उतरताना खडकवासल्याच्या पाण्याकडे अधूनमधून सहज नजर जात असेल तर निःशंकपणे ट्रेलची नोंदणी करावी. नजर पावलांवरून उचलताच येत नसेल, तर यंदा रस्ता निवडावा. मी स्वतः ती वाट अजूनही बहुतेक रविवारी चढतो, पुणे दरवाजाजवळ थोडा वेळ बसतो, आणि खाली येतो ते घाटरस्त्याने.