अनुदानाच्या हिशेबाचे एक सॉफ्टवेअर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातील सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या एका कार्यालयात अनुदानांचे विश्लेषण करणे हे माझे काम आहे. पदाचे नाव भारदस्त असले तरी वर्षभर माझी धावपळ तीनच गोष्टींसाठी चालते: आलेला रुपया कोणत्या अटीवर आला, तो त्याच अटीत राहून खर्च झाला का, आणि तसे झाल्याचे कागदावर दाखवता येते का. याच कामासाठी तयार केलेले एक सॉफ्टवेअर ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत आमच्या शाखेत चाचणीसाठी बसवले होते, त्याचे हे परीक्षण. खरेदीची निविदा अजून उघडायची असल्याने कंपनीचे नाव देणे योग्य होणार नाही. पुढील मतेही माझी वैयक्तिक आहेत, कार्यालयाची नव्हेत.

तुलनेला काय होते, ते आधी सांगायला हवे. आमच्याकडे लाल कापडी पाठीची एक अनुदान नोंदवही आहे आणि तिच्या जोडीला एक्सेलची बरीच पत्रके आहेत. नोंदवहीत डाव्या पानावर मंजुरी आदेशाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि अटी असतात, तर उजव्या पानावर खर्च. माझ्या आधी या टेबलावर असलेल्या बाईंनी अटी नेहमी लाल शाईने लिहिल्या, त्यामुळे उजवे पान भरताना नजर आपोआप डावीकडे जाते. सॉफ्टवेअर या लाल शाईचे काम करते की नाही, हीच माझ्या मते त्याची खरी परीक्षा होती.

एका बाबतीत ते नोंदवहीच्या पुष्कळ पुढे आहे, ती बाब म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्रे (अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले), म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ‘यूसी’. सामान्य वित्तीय नियम 2017 मध्ये यासाठी वेगवेगळे नमुने दिलेले आहेत. राज्य सरकारमार्फत होणाऱ्या खर्चासाठी 12-सी आणि अनुदान घेणाऱ्या संस्थांसाठी 12-ए. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि जुनी प्रमाणपत्रे थकली तर पुढचा हप्ता अडतो. सॉफ्टवेअर उघडताच पहिल्याच पडद्यावर कोणत्या अनुदानाचे प्रमाणपत्र किती दिवसांवर आले आहे, ते रंगाने दिसते. हे काम मी इतकी वर्षे भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोल करून करत होते, आणि पान उलटले की गोल मागे राहत असे. नमुनाही बिनचूक निघतो. आरंभीची शिल्लक, वर्षात मिळालेली रक्कम, व्याज, खर्च आणि अखेरची शिल्लक हे रकाने खतावणीतून आपसूक भरले जातात. टंकलेखनात आकडा चुकून प्रमाणपत्र दिल्लीहून परत येण्याचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांना एवढ्यासाठीच हे सॉफ्टवेअर घ्यावेसे वाटेल.

दुसरी जमेची बाजू जानेवारीत दिसली. एका पंचायत क्षेत्रातील जलवाहिनीचे बिल जल जीवन मिशनच्या, म्हणजे ग्रामीण घरांना नळजोडण्या देणाऱ्या केंद्रपुरस्कृत योजनेच्या, निधीतून अदा झाले होते. काही दिवसांनी त्याच कामाचे पुढचे बिल पंधराव्या वित्त आयोगाच्या पंचायत निधीवर टाकण्यासाठी आले. असे होणे मुळात गैर नाही, कारण 2021 ते 2026 या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी 60 टक्के रक्कम बांधील असून तिचा अर्धा भाग पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठीच आहे. पण बिल भरताच पडद्यावर तांबडी पट्टी आली: मोजमाप पुस्तिकेचा (जिच्यात झालेल्या कामाची मापे लिहितात) क्रमांक आणि पान आधीच्या बिलाशी जुळत होते. उपविभागात फोन केला, तेव्हा कनिष्ठ अभियंत्याने पुस्तिका उघडून पाहिली आणि पुढच्या पानाऐवजी मागचेच पान लिहिले गेल्याचे सांगितले. दुरुस्तीला पाच मिनिटे लागली. हीच चूक दोन वर्षांनी लेखापरीक्षकाने काढली असती, तर एकाच कामावर दोन अनुदाने उचलल्याचा आक्षेप अहवालात आला असता आणि त्याच्या खुलाशाची फाइल निदान तीन टेबले फिरली असती.

व्याजाच्या बाबतीत मात्र सॉफ्टवेअरने मला घाबरवले. केंद्रपुरस्कृत योजनांसाठी 1 जुलै 2021 पासून एकल नोडल खात्याची (योजनेचा सगळा पैसा राज्यात एकाच बँक खात्यात ठेवण्याची) पद्धत लागू झाली, आणि तिच्यात खात्यावर जमा होणारे व्याज केंद्र व राज्य यांच्या संचित निधीत आपापल्या हिश्श्याच्या प्रमाणात भरावे लागते. गोव्यासाठी जल जीवन मिशनमधील हिस्सा 50:50 असल्याने गणित सोपे आहे. डिसेंबरअखेरचे व्याज बँकेच्या विवरणातून आत घेतले, तेव्हा सॉफ्टवेअरने ते ‘इतर जमा’ म्हणून धरले आणि खर्चासाठी उपलब्ध रकमेत मिसळून टाकले. म्हणजे जो पैसा आमचा नाहीच, तो पडद्यावर आमचा दिसू लागला. कळवल्यावर कंपनीने तीन आठवड्यांत सुधारणा केली, हे मान्य केले पाहिजे. तरीही अनुदानाच्या हिशेबासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही चूक असावी, याचा अर्थ ती बांधताना अनुदानाचा हिशेब ठेवणारा माणूस खोलीत नव्हता, असाच मी घेतला.

ही शंका पुढे पक्की झाली, कारण लाल शाईचा मुद्दा नेमका इथेच येतो. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निधीचा मोठा भाग, म्हणजे 93 टक्के, प्रत्यक्ष पाणीपुरवठ्याच्या कामांसाठी आहे. 5 टक्क्यांपर्यंत रक्कम साहाय्यभूत उपक्रमांवर आणि 2 टक्क्यांपर्यंत पाण्याच्या गुणवत्तेच्या तपासणीवर खर्च करता येते. सॉफ्टवेअरमध्ये या मर्यादा भरण्याची सोय आहे, पण ती केवळ अहवालापुरती. तपासणी संचांच्या खरेदीचे बिल 2 टक्क्यांची मर्यादा ओलांडत असले तरी ते विनातक्रार स्वीकारले जाते आणि महिनाअखेरच्या अहवालात एक टक्केवारी वाढलेली दिसते. नोंदवहीत मी ते बिल लिहूच शकले नसते, कारण लिहिताना डोळ्यांसमोर डावे पान असते. अट खर्च होण्याआधी आडवी आली पाहिजे. खर्च झाल्यावर ती दिसली तर तिचा उपयोग फक्त खुलासा लिहिण्यापुरता उरतो.

गोव्यापुरता आणखी एक दोष आहे आणि तो कदाचित इतर राज्यांना जाणवणार नाही. प्रगतीचे सगळे अहवाल नळजोडण्यांच्या टक्केवारीवर उभे आहेत. गोव्याने ग्रामीण घरांना 100 टक्के नळजोडण्या दिल्याचे 2020 साली जाहीर झाले आणि ऑगस्ट 2022 मध्ये ‘हर घर जल’ प्रमाणित झालेले गोवा हे पहिले राज्य ठरले. साहजिकच आमच्या पडद्यावर प्रत्येक गावापुढे हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असते आणि ती सहा महिन्यांत तसूभरही हलली नाही. पण अनुदानाचे विश्लेषण म्हणजे झालेल्या खर्चातून काय बदलले, ते सांगणे. जोडणी झालेल्या घराला एप्रिल-मेमध्ये दरडोई 55 लिटर मिळाले का, किती तास मिळाले, नमुना तपासणीत उतरला का, हे रकाने सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पण ते खर्चाशी जोडलेले नाहीत आणि वेगळ्या खिडकीत एकटे पडून आहेत. आमच्यासाठी ते केंद्रस्थानी असायला हवे होते.

याच्याशीच निगडित अडचण एककाची आहे. अनुदान गावाच्या किंवा पंचायतीच्या नावाने येते, पाणी मात्र प्रकल्पाच्या नावाने वाहते. साळावलीचे पाणी दक्षिण गोव्यातील अनेक तालुक्यांत जाते, ओपाचे फोंडा आणि तिसवाडीत, अस्नोड्याचे बार्देशात. अस्नोड्याच्या शुद्धीकरण प्रकल्पातील पंपांवर झालेला खर्च बार्देशातील गावांवर वाटायचा असेल, तर सॉफ्टवेअर त्यासाठी एकच मार्ग देते, तो म्हणजे प्रत्येक गावापुढे रक्कम हाताने भरणे. मी ते दोन दुपारी बसून केले. एका ठिकाणी दशांश चिन्ह चुकले आणि बेरीज जुळेना, तेव्हा शेवटी एक्सेलमध्येच वाटणी करून आकडे उचलून भरले. लोकसंख्येच्या किंवा जोडण्यांच्या प्रमाणात आपोआप वाटणी करणारे साधे सूत्र तरी द्यायला हरकत नव्हती.

आता गावांच्या नावांबद्दल. आमच्या जुन्या याद्यांत तालुक्यांची नावे पोर्तुगीज वळणाच्या रोमन स्पेलिंगमध्ये आहेत. सॉफ्टवेअरने ती देवनागरीत आणताना केपेचे ‘क्वेपेम’, डिचोलीचे ‘बिचोलिम’ आणि पेडण्याचे ‘परनेम’ केले. पंचायतींकडून आलेल्या याद्यांत केपे, डिचोली, पेडणे अशीच नावे होती, त्यामुळे गोव्यात एकाएकी तीन तालुके वाढले आणि त्यांच्यापुढे खर्च शून्य दिसू लागला. मदतकेंद्रावरचा मुलगा अदबीने म्हणाला, ‘‘मॅडम, आमच्या मास्टरमध्ये केपे नावाचा तालुकाच नाही.’’ त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. नावांची जोडयादी मी स्वतः तयार करून पाठवली आणि ती बसवल्यावर प्रश्न मिटला. मात्र त्याआधीच नोव्हेंबरचा एक अहवाल बारा ऐवजी पंधरा तालुक्यांचा, असा काहीसा मोडका होऊन वरिष्ठांपुढे गेला होता.

‘निधीचा स्रोत’ या रकान्यात कर्ज आणि अनुदान एकाच यादीत ठेवले आहे, तेही मला खटकले. जपानने गोव्याच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण प्रकल्पासाठी 2007 साली दिलेला पैसा हे येनमधले कर्ज होते, आणि अशा पैशाची परतफेड व विनिमयदर यांचा हिशेब अनुदानापेक्षा अगदी निराळा असतो. जुन्या प्रकल्पांची मालमत्ता नोंदवताना हे दोन्ही एका बेरजेत गेले, तर ‘मिळालेले एकूण अनुदान’ हा आकडा दिसायला छान आणि वाचायला खोटा होतो.

किरकोळ बाबी: देवनागरी छपाई स्वच्छ आहे, भ्रमणध्वनीवरचे रूप निरुपयोगी आहे, आणि वीज गेली की अर्धवट भरलेले बिल पुसले जाते.

एकंदरीत, प्रमाणपत्रांचा पाठपुरावा आणि दुबार बिलांवरची नजर यासाठी मी हे सॉफ्टवेअर घ्यावे असा अभिप्राय दिला आहे, मात्र दोन अटींवर: घटकनिहाय मर्यादा ओलांडणारे बिल कार्यकारी अभियंत्याच्या मंजुरीशिवाय पुढे जाऊ नये, आणि प्रकल्पाच्या खर्चाची वाटणी सूत्राने व्हावी. या अटी निविदेच्या तांत्रिक भागात आल्या नाहीत, तर विकत घेतल्यानंतर त्या पदरात पडतील अशी आशा मी ठेवत नाही. ज्या पंचायती किंवा पालिका असेच काही घेण्याच्या विचारात असतील, त्यांनी चाचणी एप्रिलमध्ये सुरू न करता ती मार्चअखेर अंगावर येईल अशा बेताने ठेवावी, आणि पहिल्याच दिवशी आपल्या गावांच्या नावांची जोडयादी कंपनीच्या हाती द्यावी. लाल पाठीच्या नोंदवहीत मी या सहा महिन्यांतही प्रत्येक बिल लिहिले आहे, आणि निविदेचा निकाल लागेपर्यंत तरी लिहिणार आहे.