विजापूर, बदामी, हंपी : यात्रा कंपनीची बस की स्वतंत्र गाडी?

पुण्याहून सहा दिवसांत विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल आणि हंपी पाहून येण्याचा बेत थंडी सुरू झाली की बऱ्याच घरांत ठरतो. ठिकाणांबद्दल सहसा मतभेद नसतात. यात्रा कंपनीच्या बसमध्ये जागा घ्यायच्या की चालकासह गाडी ठरवून आपले आपण निघायचे, यावर मात्र गाडी अडते. मी ही सहल दोन्ही प्रकारे केली आहे. पहिल्यांदा आई-बाबांना घेऊन एका यात्रा कंपनीबरोबर गेलो, आणि तीन वर्षांनी पत्नी, थोरली बहीण आणि मेहुणे असे आम्ही चौघे स्वतंत्र गाडीने गेलो. मुक्कामांचा क्रम आणि दिवसांची संख्या दोन्ही वेळा एकच होती, त्यामुळे दोन्हींची तुलना करणे मला तरी न्याय्य वाटते.

बसचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. त्या सहलीत सहा दिवस मला कशाचीही काळजी करावी लागली नाही. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. बदामीच्या लेण्यांच्या पायऱ्या चढताना कंपनीचा व्यवस्थापक स्वतः तिच्या शेजारून चालला, आणि तिसऱ्या लेण्यापर्यंत ती पोहोचली ती त्याच्या धीरामुळे. बरोबर स्वयंपाकी असल्यामुळे बाबांना रोज वरण-भात मिळाला आणि एका रात्री पुरणपोळीही झाली. घरून सोबत नसलेल्या दोन ज्येष्ठ महिला आमच्या बसमध्ये होत्या. त्या जितक्या निर्धास्तपणे फिरल्या, तितक्या त्यांना एरवी फिरता आले असते असे वाटत नाही. आणखी एक गोष्ट मी विसरू शकत नाही. हंपीच्या वाटेवर व्यवस्थापकाने संत भानुदासांची कथा मराठीत, अगदी मन लावून सांगितली. कृष्णदेवरायाने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला, नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही वारकरी परंपरेतली कथा ऐकून झाल्यावर मागच्या आसनांवरून आपोआप अभंग सुरू झाला. स्वतंत्र गाडीत असा प्रसंग घडत नाही. हंपीचा स्थानिक मार्गदर्शक हिंदीत चांगली माहिती देतो, पण विठ्ठल मंदिरापाशी आपल्या मनात काय चालले आहे हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

खर्चाचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल. चौघांत वाटून घेतली तर गाडी आणि बस यांचा हिशेब जवळजवळ सारखा येतो, आणि दोघेच जाणार असतील तर गाडी बरीच महाग पडते. गाडी ठरवताना रोजचे किमान किलोमीटर किती धरले आहेत हे आधी विचारून घ्यावे. हंपीत गाडी दिवसभरात फार थोडी चालते, तरी त्या दिवसांचेही किमान अंतर बिलात लागते. चालकाचा भत्ता, टोल आणि कर्नाटकात शिरतानाचा कर दरात धरलेले आहेत की वेगळे, हेही लेखी घ्यावे.

आता ज्या एका गोष्टीने माझे मत ठरले तिच्याकडे वळतो. ती गोष्ट म्हणजे सकाळचा नाश्ता. एवढ्याशा कारणावरून निर्णय घ्यावा का, असे कुणी म्हणेल, परंतु सहलीतले सगळे वेळापत्रक त्या नाश्त्याला बांधलेले असते. आमच्या बसमध्ये अडतीस माणसे होती. हॉटेलचा नाश्ता साडेसातला सुरू होई, सगळ्यांचे आटोपेपर्यंत साडेआठ-पावणेनऊ होत, मग सामान, औषधे, राहिलेला चष्मा, आणि बस सुटेपर्यंत सव्वानऊ. यात कुणाचाच दोष नव्हता. व्यवस्थापक शिस्तीचा होता आणि सहप्रवासी समंजस होते. अडतीस माणसांची सकाळ तेवढा वेळ घेणारच. पण ज्या वास्तू आपण पाहायला जातो त्यांचा सर्वांत चांगला वेळ नेमका तेवढ्यात निघून जातो, आणि मग पुढचे सहा दिवस प्रत्येक राजवाडा, प्रत्येक मंदिर आणि प्रत्येक घुमट आपण माथ्यावरच्या उन्हात पाहतो.

गोल घुमटाइतके हे दुसरीकडे कुठे जाणवत नाही. ज्या दरबारात शहाजीराजांनी चाकरी केली आणि ज्याच्या मुरार जगदेवाने पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्या आदिलशाही दरबाराची ही सर्वांत मोठी खूण आहे. मुहम्मद आदिलशाहाच्या या कबरीवरच्या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर आहे, आणि एवढे छत आत एकाही खांबाच्या आधाराशिवाय, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर तोललेले आहे. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातल्या अरुंद पायऱ्या चढून वरच्या सज्जात गेले की तिथे आवाज ऐकायचा असतो. बसबरोबर आम्ही पावणेदहाला पोहोचलो. तोपर्यंत दोन शाळांच्या सहली वर गेल्या होत्या. मुलांनी आरोळ्या मारणे अगदी साहजिक होते, पण तो घुमट कुठलाही आवाज एकदाच ऐकवून सोडत नाही, आणि त्या गलक्यात आईने कानांवर हात ठेवले. पायऱ्या चढण्यासाठी तिने केलेले कष्ट आठवले की मला आजही वाईट वाटते, कारण त्या सज्जाचे जे वैशिष्ट्य ते तिने ऐकलेच नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही घुमटापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी उतरलो आणि दारावरच्या टपरीवर चहा घेऊन उजाडताच आत शिरलो. वर आम्ही चौघे आणि एक रखवालदार, एवढेच होतो. बहीण समोरच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि नेहमीच्या बोलण्यापेक्षाही हळू आवाजात काहीतरी म्हणाली. ती आपल्या वडिलांच्या तब्येतीविषयी विचारते आहे हे मला इकडे शब्दन् शब्द कळले. मेहुण्यांनी एक टाळी वाजवली. मी सात प्रतिध्वनी मोजले, ते नऊ म्हणत होते. पुस्तकांत काय आकडा दिला आहे यापेक्षा ती शांतता मला महत्त्वाची वाटते. पावणेआठला आम्ही खाली उतरलो, तेव्हा पहिली शालेय बस आवारात वळत होती. नाश्ता त्यानंतर केला.

बदामीत हाच फरक संध्याकाळी पडतो. लेणी पाहून झाल्यावर बसला पुढच्या हॉटेलचा चहा गाठायचा असतो, आणि अगस्त्य तलावाच्या पूर्व टोकाशी असलेली भूतनाथाची मंदिरे दुरूनच दाखवली जातात. ती पश्चिमेच्या उन्हात पाहायची असतात. मावळतीचा प्रकाश त्या तांबड्या दगडावर आणि पाण्यावर पडतो, तेव्हा चालुक्यांनी राजधानीसाठी हीच जागा का निवडली असेल, याची थोडीफार कल्पना येते. आम्ही तिथे दीड तास बसून होतो आणि चालकाला फक्त एक फोन करावा लागला.

हंपीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे वेळेइतकाच मुक्कामाचा प्रश्न येतो. मोठ्या गटाला पुरतील एवढ्या खोल्या होस्पेटला मिळतात, आणि होस्पेट ते हंपी हे बारा-तेरा किलोमीटरचे अंतर नाश्त्यानंतर कापेपर्यंत तिथल्या शिळा तापलेल्या असतात. चार हजार हेक्टरांहून अधिक पसरलेल्या त्या अवशेषांत सावली फार कमी आहे. पहिल्या वेळी आम्ही विठ्ठल मंदिराच्या वाहनतळावर बॅटरीच्या गाडीसाठी रांगेत उभे राहिलो आणि पन्नासच्या नोटेवरचा तो दगडी रथ साडेअकराला, डोळे बारीक करून पाहिला. दुसऱ्या वेळी हंपीला लागूनच असलेल्या कमलापूरला राहिलो. पहाटे हेमकूट टेकडीवर गेलो, विरूपाक्षाच्या गोपुरावर ऊन उतरताना पाहिले, आणि नदीकाठच्या वाटेने चालत विठ्ठल मंदिराशी ते उघडता उघडता पोहोचलो. भर दुपारी कमलापूरच्या संग्रहालयात सावलीत राहिलो आणि त्याच दिवशीच्या तिकिटावर ऊन कलल्यावर कमलमहाल आणि गजशाळा पाहिल्या. शरीराला पडणारा फरक मोजायला माझ्याकडे साधन नाही, पण पहिल्या सहलीत हंपीच्या रात्री आम्ही सगळे डोकेदुखीची गोळी घेऊन झोपलो होतो आणि दुसऱ्या सहलीत रात्री जेवणानंतर पुन्हा विरूपाक्षाच्या बाजाराकडे फिरायला निघालो.

ऐहोळेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. टेकडीवरच्या मेगुती मंदिराकडे आमची बस थांबली नाही, कारण चढ आहे आणि वेळ नव्हता. त्या मंदिराच्या भिंतीवर रवीकीर्तीचा इ. स. 634 चा शिलालेख आहे आणि त्यात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीला नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे, म्हणजे त्या नावाच्या तीन प्रदेशांचे, स्वामित्व मिळाल्याचे नोंदले आहे. मराठी माणसाने इतक्या जवळ जाऊन तो लेख न पाहता परतावे, हे मला योग्य वाटत नाही. पट्टदकल मात्र दोन्ही प्रकारांत सारखेच नीट पाहता येते. मंदिरे एकाच आवारात आहेत आणि तासा-दीड तासात मन भरते.

गाडीच्या उणिवाही आहेत. हंपीहून पुण्याला एका दिवसात परतायचे म्हणजे चालक पहाटे ताजातवाना हवा, त्यामुळे त्याच्या झोपण्याची सोय आपण पाहायची असते. आम्ही पहिल्या रात्री ती पाहिली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याला डुलकी येऊ लागल्यावर रस्त्याकडेला तासभर थांबावे लागले. विजापूरनंतर ज्वारीची भाकरी उत्तम मिळते, पण ज्यांना रोज घरच्यासारखे जेवण लागते त्यांची कुचंबणा होऊ शकते. शिवाय वाचनाची तयारी आपली आपणच करावी लागते. घरात कुणालाच ती आवड नसेल, किंवा बरोबर कुणी तरुण माणूस नसेल, तर मी आजही बसचेच नाव सुचवेन, आणि ते मनापासून सुचवेन.

ज्यांचे मन बसकडे झुकते आहे त्यांनी पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न जरूर विचारावेत : विजापूरच्या सकाळी बस हॉटेलातून किती वाजता सुटते, आणि हंपीचा मुक्काम कमलापूरला आहे की होस्पेटला. पहिल्याचे उत्तर सातच्या आत आणि दुसऱ्याचे कमलापूर असे आले, तर माझ्या बहुतेक तक्रारी गळून पडतात. मी चौकशी केली त्या तीन ठिकाणी मात्र तसे उत्तर मिळाले नाही. म्हणून येत्या जानेवारीत आईसाठी पुन्हा गाडीच ठरवली आहे. या वेळी हंपीपर्यंत जाणार नाही, विजापूरला दोन रात्री राहून परत येऊ. मनोऱ्याच्या पायऱ्या तिला थांबत थांबत चढता याव्यात आणि वर पोहोचल्यावर तिथे शांतता असावी, म्हणून दोन सकाळी हाताशी ठेवल्या आहेत.