गोल्फ कार्ट घ्यावी की एलएसव्ही? फ्लोरिडातल्या रस्त्यांचा हिशेब

फ्लोरिडात कार्टच्या दुकानात शिरलं की दहा मिनिटांत ‘स्ट्रीट लीगल’ (रस्त्यावर कायद्याने चालणारी) हे शब्द कानावर पडतात. त्यावर विसंबू नका. विक्रेता काहीही म्हणो, कागदावर जाती दोनच: गोल्फ कार्ट आणि लो-स्पीड व्हेइकल, म्हणजे एलएसव्ही. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर पटकन फरक कळत नाही, पण रस्त्यावर एकीला जे चालतं ते दुसरीला चालत नाही. कुठली घ्यायची हे गाडी बघून ठरवू नये. आधी घरापासून किराणा दुकान, देऊळ, क्लबहाऊस, मित्राचं घर इथपर्यंतचे रस्ते बघावेत आणि त्या रस्त्यांवरच्या वेगमर्यादेच्या पाट्या वाचाव्यात.

जात ठरते वेगावर

फ्लोरिडाच्या व्याख्येप्रमाणे गोल्फ कार्ट ताशी २० मैलांच्या (सुमारे ३२ किमी) वर जाऊच शकत नाही. एलएसव्हीची व्याख्या केंद्रीय आहे. चार चाकं, सपाट पक्क्या रस्त्यावर कमाल वेग २० मैलांहून जास्त पण २५ मैलांच्या (४० किमी) आत, आणि भारासकट एकूण कमाल वजन ३,००० पौंडांच्या खाली. त्यासाठीचं सुरक्षा मानक, क्रमांक ५००, १९९८ साली आलं.

इथेच पहिला घोळ होतो. इलेक्ट्रिक कार्टचा वेग कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये बांधलेला असतो, आणि तो १९ वरून २४ मैलांवर नेणं पाच मिनिटांचं काम. अनेक विक्रेते हे ‘भेट’ म्हणून करून देतात. पण त्या क्षणी कार्ट गोल्फ कार्टच्या व्याख्येतून बाहेर पडते आणि एलएसव्हीचं सामान व कागद नसल्याने तिथेही बसत नाही. उरते ती नोंदणी नसलेली, विमा नसलेली मोटारगाडी. पोलिसांच्या लेखी ती तशीच.

कुठल्या रस्त्यावर काय चालतं

गोल्फ कार्टसाठी मूळ नियम मनाईचा आहे: सार्वजनिक रस्त्यावर कार्ट नाही. काउंटी किंवा शहराने ठराव करून एखादा रस्ता कार्टसाठी मोकळा केला आणि तशी पाटी लावली, तरच तिथे चालवता येते. म्हणजे तुमची गल्ली कितीही शांत असली, वेगमर्यादा २५ मैलांची असली, तरी ठराव नसेल तर कार्ट बेकायदा. वेळही बांधलेली आहे: सूर्योदय ते सूर्यास्त. स्थानिक प्रशासनाने रात्रीची परवानगी दिली असेल तर हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि पुढची काच हवी. दिवसापुरतं सामान मात्र थोडकं आहे: चांगले ब्रेक, भरवशाचं स्टीअरिंग, सुरक्षित टायर, एक आरसा आणि पुढेमागे लाल रिफ्लेक्टर.

एलएसव्हीचा नियम उलट्या बाजूने लिहिलाय. ३५ मैलांपर्यंत वेगमर्यादा असलेल्या कुठल्याही रस्त्यावर ती चालते, दिवसा आणि रात्रीही. मात्र सुरक्षेच्या कारणाने एखाद्या रस्त्यावर तिला बंदी घालायचा अधिकार प्रशासनाकडे आहे. ४५ मैलांचा रस्ता चौकात आडवा ओलांडता येतो, पण त्यावरून शंभर फूटसुद्धा जाता येत नाही. नव्या वसाहतींमध्ये नेमकं हेच आडवं येतं. वसाहतीतले रस्ते २५-३० मैलांचे, पण फाटकाबाहेर पडलं की सहापदरी ४५ मैलांचा रस्ता, आणि सुपरमार्केट त्याच्या कडेला पाव मैलावर. सरळ समोरच्या गल्लीत जायचं असेल तर एलएसव्हीने ओलांडून जाता येतं. तो पाव मैल कडेकडेने जायचं असेल तर दोन्ही गाड्या बाद, मोटारच काढा. गाडी घेण्याआधी ही फेरी मोटारीने एकदा मारून वाटेतली प्रत्येक पाटी टिपून घ्या.

द व्हिलेजेससारख्या वसाहतीत चित्र वेगळं. तिथे कार्टसाठी वाटांचं मोठं जाळं आहे, बोगदे आहेत, दुकानांपाशी कार्टची वेगळी पार्किंग आहे. तिथे राहणाऱ्याला साधी कार्ट पुरते, एलएसव्हीचे जास्तीचे पाच मैल वाया जातात. उलट, कार्टसाठी केलेल्या वाटेवर एलएसव्हीला प्रवेश असेलच असं गृहीत धरू नका, स्थानिक नियम वाचा.

चालवणार कोण

१ ऑक्टोबर २०२३ पासून फ्लोरिडात हा नियम बदलला. त्याआधी १४ वर्षांचा मुलगा रस्त्यावर कार्ट चालवू शकत असे. आता १८ वर्षांखालच्याला लर्नर्स परमिट किंवा लायसन्स हवं, आणि १८ वर्षांवरच्याला सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. लायसन्सची अट नाही. एलएसव्हीला मात्र मोटारीसारखंच लायसन्स लागतं.

पुण्या-ठाण्याहून चार-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईबाबांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. लायसन्स नसलेले बाबासुद्धा, परवानगी असलेल्या रस्त्यावर, पासपोर्ट खिशात ठेवून कार्टवरून क्लबहाऊसला जाऊ शकतात. एलएसव्ही त्यांच्या हाती द्यायची तर भारतातलं चालू लायसन्स त्यांच्याजवळ हवं, मुदत संपलेलं नाही. आणि दोन्हींत एक गोष्ट सारखी: दारू पिऊन कार्ट चालवली तरी गुन्हा तोच लागतो जो मोटारीला.

एलएसव्ही म्हणून विकत घेताना

केंद्रीय मानकाची यादी: हेडलाइट, पुढेमागे इंडिकेटर, मागचे दिवे, ब्रेकलाइट, बाजूंना आणि मागे लाल रिफ्लेक्टर, चालकाच्या बाजूचा आरसा आणि जोडीला दुसरा (उजव्या बाजूचा किंवा आतला), हँडब्रेक, प्रमाणित पुढची काच, प्रत्येक आसनाला सीटबेल्ट आणि १७ अंक-अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. नव्या गाड्यांना यात मागचा कॅमेरा आणि पादचाऱ्यांना ऐकू येईल असा इशाऱ्याचा आवाजही आला.

यातल्या दोन गोष्टी गाडीपाशी उभं राहून लगेच तपासता येतात. काचेच्या खालच्या कोपऱ्यात ‘एएस-१’ किंवा ‘एएस-४’ अशी बारीक खूण शोधा. मधून दुमडणाऱ्या स्वस्त ॲक्रिलिक काचांवर ती बहुधा नसते. मग निर्मात्याचं लेबल शोधा, ज्यावर गाडी केंद्रीय सुरक्षा मानकांप्रमाणे असल्याचं विधान आणि व्हीआयएन असतो. लेबल नाही आणि आठ-दहा आकड्यांचा नुसता सीरियल नंबर आहे, तर ती कार्टच, मग तिला कितीही दिवे लावलेले असोत. निर्मात्याचं मूळ प्रमाणपत्रही पैसे देण्याआधी मागा, नंतर नाही. त्यात वाहनाचा प्रकार गोल्फ कार्ट लिहिला असेल तर नोंदणीच्या खिडकीवरून परत यावं लागेल.

यादीत काय नाही तेही पाहा. रोजच्या ब्रेकच्या ताकदीची कसोटी नाही, दारं नाहीत, एअरबॅग नाहीत, मोटारीसारखी टक्कर-चाचणी नाही. चारही चाकांना ब्रेक असलेली एलएसव्ही थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी. बऱ्याच कार्टना फक्त मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. जोराने दाबले की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होऊन घसरतात आणि गाडी थांबायला हवी त्याहून पुढे जाते.

जुनी कार्ट बदलून एलएसव्ही करावी का?

कायद्याने करता येते. आधी वरच्या यादीतलं सामान बसवायचं आणि वेग २० ते २५ मैलांच्या मधे आणायचा. मग प्रमाणित काट्यावर वजन करून चिठ्ठी घ्यायची, फॉर्म ८४४९० (बनवणाऱ्याचं निवेदन), फॉर्म ८६०६४ (रूपांतराचं प्रतिज्ञापत्र) आणि ८२०४० (टायटलचा, म्हणजे मालकीच्या कागदाचा अर्ज) भरायचे, फ्लोरिडाच्या विम्याचा पुरावा जोडायचा. कार्ट ट्रेलरवर घालून राज्याच्या प्रादेशिक कार्यालयात न्यायची, कारण तोवर ती रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे. तिथे तपासणी होते, व्हीआयएन मिळतो, मग टायटल आणि नंबरप्लेट.

कागद होतात. त्रास असतो तो वायरिंगचा. ४८ व्होल्टच्या कार्टला १२ व्होल्टचे दिवे लावायला व्होल्टेज रिड्यूसर लागतो. तो वाचवायला काही जण चार १२-व्होल्ट बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच दिव्यांची जोडणी घेतात. ती बॅटरी बाकीच्यांपेक्षा जास्त उतरते, चार्जर मात्र चौघींना एकत्र मोजतो, त्यामुळे ती कायम अर्धपोटी राहते आणि सगळ्यांआधी मरते. आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतील तर दोन मिळून १६ व्होल्ट होतात आणि बल्ब उडतात. दुसरी चूक ब्रेकलाइटची. नुसतं पेडल सोडल्यावर मोटरच गाडी आवरत असेल तर पायाने ब्रेक दाबलेला नसतो, दिवा लागत नाही, आणि मागच्या मोटारीला तुम्ही थांबताय हे कळतच नाही. तिसरी गोष्ट स्टीअरिंगची. १५ मैलांवर जाणवत नसलेला टाय-रॉडचा (स्टीअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा) ढिलेपणा २५ वर हाताला लागतो. त्यातून कार्ट लिफ्ट-किटने उंच केलेली असेल तर वळणावर कलंडण्याची भीती आणखी वाढते.

आमचं मत: बॅटऱ्या आणि ब्रेक नवे असलेली कार्ट हाती असेल तरच रूपांतराचा विचार करा. नाहीतर सामान, मजुरी, ट्रेलर आणि विमा मिळून होणारा खर्च वापरलेल्या कंपनीच्या एलएसव्हीच्या जवळ जातो, आणि विकताना गिऱ्हाईक घरी बदललेल्या गाडीकडे संशयानेच बघतं.

नातवंडं

कार्टमधून पडण्याचा नेहमीचा प्रकार ठरलेला आहे: वेगात डावं वळण, आणि उजवीकडे बसलेला माणूस बाहेर. बाजूचा कठडा मांडीइतकाच उंच असतो. मागे तोंड करून बसायच्या आसनावर धोका उलटा, पेडल एकदम दाबलं की बसलेला पुढे, म्हणजे रस्त्यावर. फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मोटारीत बालआसन लागतं. एलएसव्हीत ते बसवायचं तर पट्टा कुठला आहे ते पाहा. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर (मुलाला उंच बसवणारं आसन) चालत नाही, त्याला खांद्याचाही पट्टा लागतो. मागे तोंड केलेल्या बाकावर बहुतेक बालआसनांचे निर्माते बसवायला मनाई करतात.

दुसऱ्या राज्यात असाल तर

हा हिशेब जसाच्या तसा नेऊ नका. टेक्ससमध्ये गोल्फ कार्टची नोंदणी होत नाही, टायटल मिळत नाही, तरी सार्वजनिक रस्त्यासाठी कार्टची खास नंबरप्लेट मात्र लागते. तिथे एलएसव्हीला ४५ मैलांपर्यंतचे रस्ते मोकळे आहेत, म्हणून तिचं पारडं जड. कॅलिफोर्नियात गोल्फ कार्टची व्याख्याच १५ मैलांपर्यंतची आणि दोन माणसांची, एलएसव्हीला ३५ चे रस्ते. ॲरिझोनात रस्त्यावरच्या कार्टला नोंदणी आणि विमा दोन्ही लागतात. जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत कार्टच्या वाटा शंभर मैलांहून जास्त आहेत आणि कार्टची नोंद शहराकडे करावी लागते. तिथे साधी कार्टच घ्यावी.

विमा

फ्लोरिडात एलएसव्हीला मोटारीसारखाच किमान विमा: स्वतःच्या दुखापतीसाठी १०,००० डॉलर आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी १०,०००. गोल्फ कार्टला राज्याची सक्ती नाही, आणि म्हणूनच लोक फसतात. घराच्या विम्यात कार्ट ‘आहे’ असं एजंट सांगतो, पण बरेचदा ती आपल्या आवारापुरती किंवा गोल्फ खेळतानापुरती असते. रस्त्यावरच्या अपघाताला लागू आहे का, हे लेखी विचारा. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच गोल्फ कार्टला धोकादायक साधन ठरवलं आहे. त्यामुळे कार्ट तुम्ही राजीखुशीने पाहुण्याच्या हाती दिली आणि त्याने कुणाला धडक दिली, तर भरपाईचा दावा मालक म्हणून तुमच्यावरही येतो. किल्ली दाराशी खुंटीवर लटकवायची सवय असेल तर स्वतंत्र कार्ट-विमा घ्या.