जांभ्याच्या पाण्यात मलावीचे मासे: दहा महिन्यांनंतर

देवगडला नोव्हेंबरात टाकी लावली, आता सप्टेंबर संपत आलाय. ४ × १.५ × १.५ फुटांची, काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर. मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकांत राहणारे, ज्यांना म्बुना म्हणतात. येलो लॅब आणि रस्टी, मिळून अठरा. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "खावचे नाय तर पोसतस कित्याक?" म्हटलं, खाडीतलं कालुंदर याच सिक्लिडच्या कुळातलं. "मग कालुंदरच हाड," म्हणाली, म्हणजे आण.

खरी कटकट पाण्याची. या माशांना लागतं कठीण, क्षारयुक्त पाणी. पीएच साधारण ७.८ ते ८.६. आमची विहीर जांभ्यातली, पाणी मऊ. थेंबांच्या किटने मोजलं तर ६.५. दुकानदाराने पीएच वाढवायची बाटली दिली होती. ती घातली की दोन दिवस आकडा वर, तिसऱ्या दिवशी परत खाली, आणि मासे कोपऱ्यात दम खात. ही चढउतार कमी पीएचपेक्षाही वाईट. बाटली बंद केली.

उपाय निघाला मोरीपाशी. मुळ्यांचं (खाडीतल्या शिंपल्यांचं) सुकं झालं की शिंपल्या माडाच्या मुळाशी जातात. त्या उकळून, ब्रशने घासून, उन्हात वाळवून ठेचल्या आणि जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवल्या. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. पाणी आम्ल असलं की विरघळते, पीएच चढला की मंदावते. तीन आठवड्यांत ७.८ वर आलं आणि तिथेच राहिलं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी आणखी मऊ होतं, म्हणून आठवड्याला पाव टाकीच बदलतो, जास्त नाही.

दगड घाटावरून आणलेले काळे, तळापासून वरपर्यंत रचलेले. काचेवर आधी थर्माकोल, त्यावर दगड, मग वाळू, कारण हे मासे वाळू उकरतात. भांडतातही. आधी सहाच होते तेव्हा एका नराने बाकीच्यांचे पंख फाडले. संख्या वाढवली, एका नरामागे तीन माद्या ठेवल्या, तेव्हा मार वाटला गेला. खाणं स्पिरुलिनाचं, म्हणजे सुकवलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं; बहुतेक म्बुना खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे. आई कोलंबीचे तुकडे टाकायला निघाली होती, हात धरला.

जूनमध्ये वादळात चौदा तास वीज नव्हती. बॅटरीवरचा एअर पंप चालू होता, त्यामुळे बिनघोर झोपलो. चूक पुढे झाली. वीज आली तसा कॅनिस्टर फिल्टर तसाच सुरू झाला. बंद डब्यात ऑक्सिजनविना सडलेलं, अमोनिया साठलेलं पाणी थेट टाकीत. पीएच जास्त असला की अमोनिया जास्त विषारी. सकाळपर्यंत तीन रस्टी गेले. आता वीज गेली की आधी फिल्टरचा प्लग काढायचा, आणि डबा टाकीच्या पाण्यात धुतल्याशिवाय परत लावायचा नाही.

खाऱ्या हवेत लोखंडी स्टँडला पाचव्या महिन्यात गंज धरला. ॲल्युमिनियमचा घ्यायला हवा होता. एप्रिल-मेमध्ये पाणी ३१ अंशांवर गेलं. झाकण काढून छोटा पंखा लावला, दोन अंश उतरलं.

आणि तरीही ऑगस्टमधली ती पिवळी मादी. गळा फुगलेला, खाणं टाकलं की सगळे वर धावतात, ही दगडामागे. मधूनच जबडा हलवते, तोंडात सुपारी घोळवावी तशी. अंडी तोंडात. तीन आठवडे उपाशी. एका संध्याकाळी तिने तोंड उघडलं आणि तांदळाच्या दाण्याएवढी अकरा पिल्लं दगडांच्या फटीत शिरली. चार वाचली. त्या दिवशी आई खुर्ची घेऊन टाकीसमोर बसली ती सिरियल विसरून.

ज्याला महिनाभर रोज पाणी मोजायचा कंटाळा आहे, त्याने किनाऱ्यावर हे मासे घेऊ नयेत, गप्पी पाळावेत. दुकानदाराने गळ्यात मारलेला हीटर अजून खोक्यातच आहे. घाटावर कुणाला हवा असेल तर सांगा.