हंगामातला शेवटचा प्रयोग म्हणून आमचे दहा हजार गेले, झाडीपट्टीतल्या लोकांनी वाचून घ्या

हे लिहायला मला उशीरच झाला, पण आता पुन्हा दिवाळी जवळ येऊन राहिली, हलके धान कापणीला आले, भाऊबीज झाली की मंडई म्हणजे गावागावातली जत्रा सुरू होईल आणि नाटकं लागतील, म्हणून आत्ता तरी लिहून टाकतो. मागच्या हंगामात मार्च महिन्यात आमची फसवणूक झाली. नाटकाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या लोकांचा यात काहीच दोष नाही, त्यांचंच पाम्प्लेट चोरून कोणीतरी हा धंदा केला.

बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा धानाचा आणि जंगलाचा पट्टा, याला झाडीपट्टी म्हणतात. इथे भाऊबीजेपासून होळीपर्यंत नाटकं चालतात, रात्री दहाच्या पुढे सुरू होतं ते पहाटेच संपतं, लोक घरून चादरी घेऊन येतात, पाहुणे येतात, घराघरात जेवणं होतात. कंपन्यांची ऑफिसं मुख्य करून वडशाला म्हणजे देसाईगंजला, गावातलं मंडळ तिथे जाऊन तारीख धरते आणि बयाना देते. आज एका गावात प्रयोग तर उद्या तोच संच तिथून कुठे तरी लांब दुसऱ्या गावात. म्हणजे मुंबई-पुण्यासारखं एकाच थिएटरात जाऊन बसलं असं नसते, आज रात्री नाटक कोणत्या गावात आहे ते आधी माहीत पाहिजे. आणि होळी झाली की सगळं बंद. कलाकार आपापल्या शेतीला नाहीतर कामाला लागतात, पुढच्या वर्षी तोच संच राहील, तीच बाई ते काम करेल याची काही गॅरंटी नसते. ज्याचं पाहायचं राहिलं त्याचं राहिलं.

आमचे बाबा ७६ वर्षांचे. तरुणपणी दंडारीत म्हणजे आमच्याकडच्या जुन्या लोकनाट्यात नाचायचे, त्या काळी बायका स्टेजवर येत नव्हत्या तेव्हा लुगडं नेसून स्त्री पार्ट करायचे, अजूनही गावात जुने लोक त्यांना त्याच नावानं हाक मारतात. २०२३ साली गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा बाबांनी ती बातमी माझ्या मोबाईलवर चार-पाच वेळा लावायला लावली. असा माणूस मागच्या हंगामात एकही नाटक पाहू शकला नाही कारण डिसेंबरात एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि जानेवारीत दुसऱ्या. डॉक्टरांनी सांगितलं धूळ नको, जागरण नको. आणि त्याच वर्षी एक नाटक असं गाजलं की आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यात जिकडे जा तिकडे त्याचीच गोष्ट, माझी बहीण पाहून आली, साळा पाहून आला, पानठेल्यावर पोट्टे त्यातले डायलॉग मारत. बाबा बाजेवर बसून सगळं ऐकायचे. फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टरांनी आता काही हरकत नाही म्हटलं त्याच दिवशी घरी येता येता बाबा म्हणाले, "आता डोरे साफ झाले गा, एक तरी पाहाले ने मले."

तर मी शोधायला लागलो. हंगाम संपत आला होता, चार-आठ दिवसांची गोष्ट होती आणि खरं सांगतो मला घाई झाली होती. फेसबुकवर एक पोस्ट दिसली, त्या नाटकाचं पाम्प्लेट, तोच फोटो, खाली लाल अक्षरात हंगामातील शेवटचा प्रयोग, चुकवू नका, मर्यादित खुर्च्या, ॲडव्हान्स बुकिंग सुरू. गाव आरमोरी तालुक्यातलं दिलेलं होतं, तारीख, वार शनिवार आणि एक मोबाईल नंबर. फोन लावला तर समोरचा माणूस आमच्यासारखाच बोलत होता, "हो जी भाऊ, दोनशे पन्नास रुपये एक खुर्ची, बाबा म्हातारे आहेत तर पुढच्या लाईनमध्ये देतो, ऑनलाईन टाकून द्या, गेटवर स्क्रीनशॉट दाखवा." बोलणं आपल्या माणसासारखं होतं, बाबांची चौकशी केली त्यानं, यामुळे मला कुठे शंका आली नाही. घरचे आणि शेजारचे मिळून दहा जण, अडीच हजार टाकले. दहा मिनिटांनी त्याचाच फोन, पैसे आमच्याकडे दिसून नाही राहिले, सर्व्हर डाऊन आहे, पुन्हा एकदा टाका, पहिले आपोआप परत येतील, खुर्च्या तर संपून राहिल्या. माझ्या मोबाईलवर पैसे गेल्याचं स्पष्ट दिसत होतं तरी मी पुन्हा अडीच हजार टाकले. शेवटचा प्रयोग हा शब्द डोक्यात बसला होता, हातातलं जाऊन राहिलं असं वाटत होतं, दुसरं काही सुचत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी लवकर जेवण करून छोटा हत्ती म्हणजे मालाची छोटी गाडी केली, बावीसशे भाडं. मागे तणस टाकलं, वर चादरी, बाबांना पुढे ड्रायव्हरजवळ बसवलं. बाबांनी धुतलेलं धोतर, नवीन टोपी, स्वेटर, डोळ्याला डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा खिशात. वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा ते ड्रायव्हरला जुन्या गोष्टी सांगून राहिले होते, दंडार घेऊन कसे पायी जायचो, टेंभे कसे असायचे. आमच्याकडे वाघाची भीती असते, रात्री त्या जंगलाच्या रस्त्यानं कोणी उगाच जात नाही, आम्ही बायका-पोरं घेऊन गेलो.

गावाजवळ पोचलो साडेनऊला. नाटक असलं की दोन किलोमीटरवरून भोंगा ऐकू येतो, रस्त्यावर बैलबंड्या, मोटरसायकली, चिवडा-भज्यांची दुकानं, लाईटची झालर. इथे काहीच नाही. बाबांनीच पहिले ओळखलं, "काहून गा, आवाज नाही येत?" गावात शिरलो तर कुत्रे भुंकले, एक म्हातारा बाहेर आला, त्यानं सांगितलं आमची मंडई तर डिसेंबरातच झाली बापू, आता कुठलं नाटक. वरून म्हणाला तुमच्या आधी एक गाडी येऊन परत गेली, आणि संध्याकाळी दोन मोटरसायकलीवाले विचारून गेले. त्या बांधीत, जिथे डिसेंबरात शामियाना लागला होता, आम्ही गाडी उभी केली. नुसती धानाची वाळलेली खुटं. पोरं रडायला लागली. बाबा खाली उतरले, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले चला घरी, पोट्ट्यांना थंडी वाजते. परत येताना ते एक शब्द बोलले नाहीत. पैशापेक्षा ते मला जास्त लागलं.

आता यापुढचं नीट वाचा, कारण निम्मे पैसे इथे गेले. सकाळी मी त्या नंबरवर फोन लावला, मला वाटलं बंद असेल, पण उचलला. माफी मागितली, म्हणाला ऐनवेळी परवानगी नाही मिळाली जी, सगळ्यांना रिफंड करून राहिलो, तुमचे पाच हजार आहेत ना, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतात. रात्रभर झोप नव्हती, बाबांचा चेहरा डोळ्यासमोर, मी स्कॅन केलं, पाच हजार लिहिलेलेच होते, पिन टाकला, आणि खात्यातून आणखी पाच हजार गेले. एकूण दहा हजार, गाडीभाडं वेगळं. पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे जातातच, हे मला दुसऱ्याला सांगता येत होतं पण त्या वेळी आठवलं नाही. त्यानंतर फोन बंद.

मी लगेच तक्रार करायला पाहिजे होती. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाईन नंबर आहे, तो मला दुपारी ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरनं सांगितला, तोवर चार-पाच तास गेले होते. फोनवर त्यांनी बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारला, तो ॲपच्या हिस्टरीत असतो, आधीच कागदावर लिहून ठेवा, शोधताना वेळ जातो. जितक्या लवकर सांगाल तितकं पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात, पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्यात पळवतात आणि काढून घेतात. माझे फक्त अठराशे रुपये कुठेतरी होल्ड झाले असं कळलं, तेही अजून मिळाले नाहीत. पोलीस स्टेशनला पण लेखी दिलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं.

नंतर मी वडशाला गेलो, त्या कंपनीच्या ऑफिसात. भांडायला नाही, फक्त सांगायला की तुमच्या नावानं असं चाललं आहे. तिथल्या माणसानं चहा पाजला आणि डायरी काढून दाखवली. त्या शनिवारी त्यांचा खरंच प्रयोग होता, आणि तो होता आमच्या गावापासून चौदा किलोमीटरवर, पुलाच्या अलीकडेच. हंगामातला शेवटचाच. आठवडाभर त्या बाजूला रिक्षा भोंगा लावून फिरली असेल, स्टँडवर पाम्प्लेट लागलं असेल, पण मला वाटलं तिकिटं तर झाली, म्हणून मी कोणाला विचारलंच नाही. बाबांना हे चौदा किलोमीटरचं मी अजून सांगितलं नाही.

त्या माणसानं मला जे समजावलं ते तुमच्या कामाचं आहे. तिकीट कंपनी विकत नाही, मंडळ विकते. कंपनी मंडळाकडून ठरलेली रक्कम घेते आणि निघून जाते, खुर्च्या आणि गेट हे सगळं गावाचं काम. म्हणून कंपनीच्या नावानं कोणी ऑनलाईन तिकीट विकत असेल तर तिथेच थांबा. मी घरी येऊन ते खोटं पाम्प्लेट पुन्हा पाहिलं तर कितीतरी गोष्टी दिसल्या. आपल्याकडच्या पाम्प्लेटवर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, विशेष अतिथी अशी नावांची रांग असते, सरपंच, पोलीस पाटील, कोणी ना कोणी असतेच, यावर एक नाव नव्हतं. मंडळाचं नाव होतं पण अध्यक्ष-सचिव नव्हते. गाव आणि तारखेची अक्षरं बाकीच्यापेक्षा वेगळी होती, वरून चिकटवल्यासारखी. आणि वार शनिवार लिहिला होता पण कॅलेंडरमध्ये ती तारीख रविवारची होती, मी फोनवर विचारलं तेव्हा तो शनिवारच म्हणाला आणि मी मान्य केलं. हे सगळं मला आधी दिसू शकत होतं.

यावर्षी मी असं करून राहिलो की ज्या गावात नाटक आहे म्हणतात त्या गावातल्या कोणत्या तरी ओळखीच्याला पहिले फोन लावतो, सोयरा नाही तर धान घेणारा व्यापारी, आशाताई, कोणी पण. झाडीत गावागावात नातं निघतेच. मंडप गाडला का एवढं विचारलं तरी पुरते. आणि पैसे गेटवर, कागदाचं तिकीट हातात घेऊन. खुर्ची नाही मिळाली तर खाली बसू, बाबा तर म्हणतात खालूनच चांगलं दिसते. शेवटच्या प्रयोगापर्यंत पण थांबणार नाही, बाबांना भाऊबीजेच्या मंडईतच नेतो.

आता एक विनंती. त्या रात्री आमच्या आधी जी गाडी येऊन गेली आणि ते दोन मोटरसायकलीवाले, तुम्ही हे वाचत असाल किंवा तुमच्या ओळखीचे असतील तर अजूनही तक्रार टाका, रक्कम छोटी असली तरी टाका. ऑफिसवाल्यानं सांगितलं त्यांच्याकडे वडशाला येऊन विचारणारे माझ्याशिवाय दोघं होते, पण तक्रार त्यांनी केली नव्हती, अडीचशे-पाचशेसाठी कोण जाईल म्हणून. माझ्या जबाबात एकच नंबर आणि एकच माणूस आहे, तुमची आली तर त्याच नंबरवर तीन-चार तक्रारी होतील. पाम्प्लेटचा स्क्रीनशॉट आणि ते क्यूआर माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे, लागलं तर देतो.