बत्तीस हजारांचं किट आणि बिनलेबलची डबी

धाकट्याच्या बाळंतपणात माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. सासूबाई म्हणाल्या, "मलाही आले होते, जातील हळूहळू." पण तीन वर्षं झाली तरी ते जाईनात. त्याच सुमारास एका मॉलमध्ये 'मोफत त्वचा तपासणी'चा स्टॉल दिसला आणि मी थांबले.

पांढरा कोट घातलेल्या मुलीने एका यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितलं. निळसर उजेड पडला आणि पडद्यावर माझा चेहरा आला, शाईचे शिंतोडे उडाल्यासारखा. "मॅम, हे सगळं वर्षभरात वर येणार," ती म्हणाली. माझ्या पोटात गोळाच आला. त्या उजेडात बहुतेक मोठ्या माणसांचे चेहरे असेच डागाळलेले दिसतात, हे मला फार नंतर कळलं.

फेसवॉश, 'सोन्याचा अर्क' असलेलं सीरम आणि कोलॅजेन या त्वचेतल्या प्रथिनाचं क्रीम, असं किट ३२,००० रुपयांचं. सहा हप्ते करून दिले. मी कुठल्या गोळ्या घेते, उन्हात किती फिरते, हे डाग कधीपासून आहेत, यातलं काही कुणी विचारलं नाही. निघताना तिने एक पांढरी डबी हातावर ठेवली. "ही आमच्याकडून, रात्री वाटाण्याएवढं लावा." डबीवर कसलंच लेबल नव्हतं.

तीन आठवड्यांत चेहरा उजळला. वांग खरंच फिकट झाले. मी इतकी खूश झाले की थोरल्या जाऊबाईंनाही घेऊन गेले. त्यांनीही किट घेतलं, त्यांनाही डबी मिळाली. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त तेच टोचतं.

तिसऱ्या महिन्यात माझी डबी संपली आणि आठवडाभर काही लावलं नाही. चेहरा लालबुंद झाला, बारीक पुटकुळ्या आल्या, उन्हात गेलं की तिखट चोळल्यासारखी आग व्हायची. स्टॉलवर फोन केला तर उत्तर आलं, "त्वचेतलं विष बाहेर पडतंय, बंद करू नका." नवी डबी आता २,८०० रुपयांना होती.

शेवटी सरकारी रुग्णालयात केसपेपर काढला. त्वचारोग विभागातल्या डॉक्टरबाईंनी भिंग लावून गाल पाहिला. लाल नसांचं बारीक जाळं, कानशिलाजवळ उगवलेली लव. "ताई, बिनलेबलचं काही लावत होतात का?" असं त्यांनी मी सांगायच्या आधीच विचारलं. त्यांच्या मते त्या डबीत तीव्र स्टेरॉइड होतं. ते लावलं की रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, चेहरा गोरा दिसतो. लावत राहिलं की कातडी पातळ होते, आणि थांबवलं की सगळं दुपटीने उसळतं. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. त्यांनी अकोल्यातल्या मायलेकींबद्दलही सांगितलं: ब्यूटिशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम लावून तिघींची मूत्रपिंडं बिघडली होती आणि त्या क्रीममध्ये पारा सापडला होता. म्हणून माझीही लघवी तपासली. ती ठीक निघाली.

मग ३२,००० रुपयांच्या किटने काय केलं? डॉक्टरबाईंनी सीरमचा खोका माझ्याच हातात दिला आणि वाचायला लावला. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने आधी लिहायचे असतात. पाणी, ग्लिसरीन, सिलिकॉन, मग फेनॉक्सीइथेनॉल. हे टिकवण्यासाठी घालतात, एक टक्क्याच्या आतच. सोनं त्याच्याही खाली होतं, म्हणजे फार तर एक टक्का. कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो कातडीतून आत शिरतच नाही, वरच्या वर ओलावा धरून राहतो. आणि कायद्याने सौंदर्यप्रसाधन हे औषध नव्हेच. १९४० च्या कायद्यात ते स्वच्छतेसाठी आणि सुंदर दिसण्यासाठी, एवढंच धरलंय. वांग हा त्वचेचा विकार आहे. तो त्या बाटलीने जाईल कसा?

माझ्या वांगांमागे दोन गोष्टी होत्या: रोजची दुपारची स्कूटर आणि बाळंतपणानंतर सुरू केलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून गोळ्या बदलल्या. दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतात, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन दर काही तासांनी लावते. कातडी सावरल्यावर डॉक्टरबाईंनी रात्रीचं एक मलम मोजक्या महिन्यांपुरतं लिहून दिलं. वांग पुन्हा येऊ शकतात, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. असं त्या स्टॉलवर एकदाही कुणी बोललं नव्हतं.

पैशांसाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पावती काढून पाहिली तर तिच्यावर फक्त 'कॉस्मेटिक किट', डबीचा उल्लेखच नाही. फुकट दिलेल्या वस्तूचीही पावतीवर नोंद मागा, खोके आणि डब्या फेकू नका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही. मी आता तिकडे अर्ज करतेय.

माझी डबी रिकामी होऊन कचऱ्यात गेली होती. जाऊबाईंची निम्मी भरलेली होती. त्यांना एकदम बंद करू नका म्हणाले आणि आधी त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. ती डबी आता अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायच्या अर्जासोबत पिशवीत बांधून ठेवली आहे.